मूसक्कांसाठी घर

१२ नोव्हेंबर

मिळालं! पहिलं घर मिळालं! दुरुस्ती नाही, वरचा मजला चढवणं नाही, कोणाच्या तरी न्हाणीघराच्या फरशा निवडून देणं नाही. मोकळी जमीन, आणि त्यावर पायापासून छपरापर्यंत मी आखलेलं घर. कोचीची नोकरी सोडून तलश्शेरीला आईवडिलांच्या घरी परत आले तेव्हा उम्मा म्हणाली होती, "इथं तुला कोण विचारणार? इथं लोक मेस्त्रीला विचारतात, आणि मेस्त्री शेजारच्या घराकडे बोट दाखवतो." आज बातमी सांगितली तर आधी म्हणाली, "कोणाचं?" मग म्हणाली, "सैनबीचं? रब्बे! तिच्यापुढे तुझा निभाव लागायचा नाही." मग मात्र आत जाऊन तिनं गाजराचा हलवा ढवळायला घेतला.

जमीन धर्मडमला, उतारावर. काजूची झाडं, खाली जांभा, आणि वरच्या टोकाला उभं राहिलं की नदी समुद्राला मिळते ते दिसतं. दुपारी नुसती बघायला म्हणून गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथंच. चपलेत काटे घेऊन घरी आले आणि तरी पाय जमिनीवर नाहीत.

घर सैनबीत्ता, म्हणजे सैनबीताई, आणि त्यांचे मिस्टर मूसक्का यांचं. मूसक्का तीस-बत्तीस वर्षं शारजाला एका कंपनीच्या गोदामात आहेत. वर्षातून एकदा महिनाभर येतात. आत्ताही सुट्टीवरच आहेत, आणि फेब्रुवारीत कायमचे परत येणार आहेत. फोनवर फार बोलले नाहीत. लेकीला सांगावं तसं एवढंच म्हणाले, "मोळे, आता आल्यावर मला परत जायचं नाही. घरी राहायचंय." किती साधी मागणी! हे घर त्यासाठीच आहे. ते उंबऱ्यातून आत आले की त्यांना वाटलं पाहिजे, आलो बाबा घरी. एवढं जमलं नाही तर मी पुन्हा कोचीला जाऊन फरशा निवडीन.

१५ नोव्हेंबर

माझी पद्धत सगळ्यांना वेडगळ वाटते. कोचीचे साहेब तर हसायचे. पण मी पेन्सिल हातात घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारते, सकाळी डोळे उघडल्यापासून काय करता, कुठे बसता, रुसल्यावर कुठे जाता, फोनवर बोलायला कोणता कोपरा लागतो. प्रत्येकाला घरात आपली एक जागा मिळालीच पाहिजे. यात मी तडजोड करत नाही.

आज त्यासाठी त्यांच्या गावातल्या घरी गेले. सैनबीत्तांच्या आईचं घर. पाच बहिणी, पाचजणींच्या पाच अरा, म्हणजे नवरा-बायकोच्या खोल्या, त्यांच्या मुली, मुलींचे नवरे. आमच्याकडे सगळीकडे असतं तसंच, मुलगी घरात राहते आणि नवरा तिच्या अरेत राहायला येतो. पण आता तिथं पाय ठेवायला जागा उरलेली नाही, म्हणून सैनबीत्तांना आपल्या दोन मुलींसाठी वेगळं घर हवं.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "फसीलाला एक अरा, रम्शीनाला एक अरा. दोन्ही सारख्या. एक वीत इकडेतिकडे झाली तर दोघी जन्मभर मला ऐकवतील."

"आणि तुमची?"

"माझी मध्ये. दोघींवर नजर ठेवायला."

रम्शीनाचं लग्न ठरतंय, तिला अशी खिडकी हवी जिथं मोबाइलची रेंज येईल आणि उम्माचा कान येणार नाही. फसीलाला दोन मुलं, नवरा बहरीनला. ती म्हणाली, "मला दहा मिनिटं एकटीनं रडता येईल अशी जागा दे, जिथं मुलं मागे येत नाहीत."

"न्हाणीघर?"

"तिथंही येतात. दाराखालून बोटं घालतात."

हसून हसून पुरेवाट झाली. माझ्या डोक्यात तिथंच घर हलायला लागलं होतं.

मूसक्का पुढच्या दिवाणखान्यात मोठ्या खुर्चीत. समोर केळ्याचे तळलेले उन्नक्काया, कोंबडी भरलेली पत्तिरी, आणि पुतियाप्ळासाठी, म्हणजे नव्या जावयासाठी करतात ती मुट्टमाला, अंड्याच्या बलकाची ती पाकातली नाजूक पिवळी सुतं. लग्नाला वर्ष झालेलं असो की तीस, आमच्याकडे जावयाची बडदास्त तशीच राहते. ते एका उन्नक्कायाचा तुकडा केव्हापासून बोटांत फिरवत होते.

"मूसक्का, तुमचा दिवस सांगा. सकाळी उठलात की?"

"चहा येतो."

"मग?"

"मग नाश्ता येतो."

"तुम्हाला काय आवडतं?"

"सगळं उत्तम असतं, मोळे."

"आणि घरात तुम्हाला काय हवं?"

"ती सांगेल ते. उत्तमच असेल." मग थोडं थांबून म्हणाले, "स्वयंपाकघर पश्चिमेला येईल का? त्या जमिनीवर वारा तिकडून आहे."

बघा! बायकोला धुराचा त्रास होऊ नये याची केवढी काळजी. असे नवरे आता कुठे मिळतात? आणि कान-नाकही तिखट. मी निघताना ते अगदी हळू म्हणाले, "आत कांदा करपला." कोणी ऐकलं नाही. आत खरंच करपला होता.

१६ नोव्हेंबर

सुचलं!! उतार सपाट करायचा नाही. घरच तीन टप्प्यांत खाली उतरवायचं. वर बैठकीची जागा, मध्ये तिघींच्या अरा, खाली स्वयंपाकघर, पश्चिमेला. आणि मधोमध उघड्या आकाशाखाली पाण्याचं कुंड. चहा थंड झाला, दुसरा आणला, तोही थंड झाला. उम्मा म्हणते, याच्यापुढे तुला थंडच चहा देते.

३० नोव्हेंबर

आज नकाशा दाखवला. पुठ्ठ्याचं छोटं घरही करून नेलं होतं. सैनबीत्तांनी छप्पर उचलून आत बोट घातलं आणि म्हणाल्या, "ही माझी अरा ना? इथून फसीलाचं दार दिसतं. आणि हिचंही. पोरगी हुशार आहे." माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी कुंडावर एकच शेरा मारला. "हे पाणी कोण बदलणार? तू येणार रोज तलश्शेरीहून बादली घेऊन?" पण काढ असं म्हणाल्या नाहीत. रम्शीनानं आपल्या खिडकीत फोन धरून बघितला, पुठ्ठ्याच्या! फसीलाला मी अरेच्या मागे तीन पायऱ्या उतरून एक बोळकं दिलंय, आतून कडी असलेलं. तिनं माझा हातच धरला.

मूसक्कांनी प्रत्येक खोली बघून "उत्तम" म्हटलं. मी म्हटलं, काहीतरी बदल सुचवा ना. तर विचारतात, "ओटा किती उंच?" मी सांगितलं, सैनबीत्तांच्या मापाचा. त्या ठेंगण्या आहेत, ओटा त्यांच्या कमरेला हवा. मूसक्का उठून उभे राहिले, आपल्या कमरेशी तळवा आडवा धरला. "थोडा उंच केला तर?"

"कोणासाठी?" सैनबीत्तांनी विचारलं.

"नाही, असंच."

"असंच म्हणे! मी काय स्टुलावर चढून भाजी चिरू?"

सगळे हसले, तेही हसले. माणूस फार गोड आहे, पण घराबद्दल त्यांना काही मतच नाही. गोदामात आयुष्य गेलं, त्याला काय करणार. मी त्यांचं "उत्तम" एकदाचं मान्य केलं आणि पुढे सरकले.

८ डिसेंबर

जमिनीवर घर उतरलं! आमच्या भास्करेट्टननी, म्हणजे कंत्राटदारांनी, सकाळीच दोऱ्या बांधून फक्की मारून ठेवली होती. काजूच्या पाचोळ्यावर पांढऱ्या रेघा. उतारावर उभं राहून बघतच राहिले. कागदावर बोटभर असलेली खोली अशी माणसाएवढी होते तेव्हा वेड लागायची पाळी येते.

सगळं कुटुंब गाडी करून आलं होतं. आत गेल्याबरोबर प्रत्येकानं आपापली खोली पकडली. रम्शीना आपल्या चौकोनात पाय पसरून बसलीच. फसीलाची मुलं बोळक्यात शिरली आणि ती ओरडली, "बघ, आत्तापासून!" सैनबीत्ता आपल्या अरेच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या, "इथं पलंग, इथं कपाट, इथं नमाजाला माझी जानमाज." मग स्वयंपाकघराच्या रेघांत जाऊन त्यांनी हवेतल्या हवेत भांडी लावली.

मूसक्का रेघेच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला उभे होते. फसीलानं हाक मारली, "उप्पा, आत या ना!"

त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि विचारलं, "मी कुठे उभा राहू?"

सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मोकळ्या रानात चपला काढतात! भास्करेट्टन म्हणाले, "मूसक्का, घर अजून झालं नाही, पाय भाजतील." मीही पोट धरून हसले.

निघताना मंडळी गाडीत बसली आणि हे गायब. बघते तर स्वयंपाकघराच्या चौकोनात एकटेच, पश्चिमेकडे तोंड करून उभे. वारा बघत असणार. बारकाईनं बघणारा माणूस. हाताची बोटं अशी हलत होती, काहीतरी मोजत असल्यासारखी. मी लांबूनच हाक मारली.

३० डिसेंबर

पाया खणला. वरचा थर मऊ, पण खाली असा कडक जांभा लागला की भास्करेट्टननी पहारीवर टिचकी मारून सांगितलं, "इंजिनियरम्मा, यावर विमानतळ बांधा." जमिनीतूनच निघालेले चिरे भिंतीला वापरणार. घर तिथल्याच दगडाचं! मला नाचावंसं वाटतंय.

मूसक्का शारजाला परत गेले, हिशोब उरकायला. तिथून शुक्रवारी फोन. विहिरीपासून स्वयंपाकघर किती पावलं? मागच्या शुक्रवारी विचारलं होतं की मासे साफ करायला बाहेर नळ आहे का. त्याआधी, चुलीवरची खिडकी आत उघडते की बाहेर. मी जरा वैतागूनच म्हटलं, "मूसक्का, घरात दुसऱ्याही खोल्या आहेत हो!" तर लगेच म्हणाले, "हो हो, सगळं उत्तम आहे." बायकोवर जीव असावा तर असा, पण मला दर शुक्रवारी कामाला लावू नये.

११ जानेवारी

आज एक भयंकर चूक सापडली.

घरात कोण कसं फिरणार हे तपासायला मी प्रत्येकाला एक रंग देते आणि त्याचा दिवस नकाशावर ओढते. सैनबीत्तांचा लाल तर घरभर, नुसता गुंता. रम्शीना जांभळी, फसीला निळी, मुलांचा पिवळा तर भिंतींवरूनही गेला. शेवटी मूसक्कांचा हिरवा. फाटकातून आत, पुढच्या बैठकीत. बैठकीतून सैनबीत्तांच्या अरेत. अरेतून बैठकीत. बैठकीतून फाटकाबाहेर. संपला.

असा रंग तर मी पाहुण्यांचा काढते.

ज्या माणसाच्या परत येण्यासाठी हे घर बांधतोय, त्याच्यासाठी मी बसायची खुर्चीसुद्धा ठेवली नाही. आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही! त्यांच्या घरातल्या कोणाच्या नाही, माझ्याही नाही. जेवताना उप्पांना विचारलं, "उप्पा, या घरात तुमची जागा कुठली?"

उप्पांनी उम्माकडे बघितलं. "ती दाखवेल ती."

"हे काय विचारणं झालं?" उम्मा म्हणाली. "त्यांना काय कमी आहे इथं? घ्या हो, अजून एक तुकडा घ्या." आणि त्यांच्या ताटात मासा वाढला. उप्पांनी तो खाल्ला.

पण मी हार मानणारी नाही. यावर उपाय काढणारच.

१३ जानेवारी

काढला! मूसक्कांना ऑफिस! वरच्या टप्प्यावर, बैठकीच्या बाजूला, नदीच्या मुखाकडे तोंड करून. मोठं टेबल, पुस्तकांचं कपाट, फिरती खुर्ची, भिंतभर खिडकी. संपूर्ण घरातला सगळ्यात सुंदर देखावा त्यांना. गोदामाचे हिशोब सांभाळलेला माणूस, टेबलाशिवाय त्याला करमणार कसं? हे मला आधी कसं सुचलं नाही!

सैनबीत्ताही खूश. "बरं झालं. पाहुणे आले की तिथं बसवता येतील."

मूसक्कांना फोनवर सगळं वर्णन करून सांगितलं. ते आधी नुसतं "अच्छा" म्हणाले. भारावले असतील. मग म्हणाले, "उत्तम, मोळे. खूप विचार केलास माझा."

आज मी भलतीच खूश आहे.

२६ फेब्रुवारी

मूसक्का आले. कायमचे. विमानतळावर सगळं घर गेलं होतं, येताना त्यांच्यासाठी गाडीतसुद्धा मुट्टमाला! घर होईपर्यंत ते गावातल्या घरी, त्याच खुर्चीत.

पण सकाळी कामगार यायच्या आधी ते जागेवर हजर. भास्करेट्टन माझ्याकडे कुरकुरले, "माझ्यावर नजर ठेवायला येतात काय हो?" मी बघायला गेले तर ते कामगारांच्या पंगतीत जमिनीवर बसून भाताची पेज पीत होते. सोबत सुकी मासळी आणि खोबऱ्याची चटणी. घाम आला होता, आणि चेहरा असा काही उजळलेला की मी ओळखलंच नाही.

"मूसक्का, तुमच्याकडून डबा आलाय ना?" गाडीत तो तसाच होता, चार मजली.

"सैनबीला सांगू नकोस," ते म्हणाले. "चटणीत चिंच जरा जास्त आहे, पण मस्त."

त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच "पण" ऐकला. ऑफिसची भिंत दाखवली तर म्हणाले, "उत्तम."

१५ मार्च

आज स्लॅब टाकला. सगळं लिहायचं आहे, कुठून सुरू करू?

स्लॅबच्या दिवशी घरमालकानं सगळ्या कामगारांना जेवू घालायचं असतं. सैनबीत्तांनी आचारी ठरवला होता, बिर्याणीसाठी. मी पहाटेपासून वर, काँक्रीटजवळ. यंत्राचा आवाज, ओरडाआरडा, माझ्या केसांत सिमेंट. तीन टप्प्यांची छपरं एका दमात भरायची होती आणि मी एवढी घाबरलेले की आचारी आलाच नाही हे मला कोणी सांगितलंच नाही. त्याची बायको दवाखान्यात होती म्हणे.

दुपारी खाली उतरले तर काजूच्या झाडाखाली चिऱ्यांची चूल. त्यावर भलं मोठं पातेलं. मूसक्का लुंगी वर खोचून, डोक्याला फडकं बांधून, त्यात पळी फिरवतायत. लाल मिरचीचं, कोकमाचं, मासळीचं कालवण. वास असा की वरचे लोक शिडीवरून घाईनं उतरत होते. भात वेगळा. कांद्याची फोडणी त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर दिली. नजर पळीवर नव्हतीच, नुसत्या आवाजावर हात चालत होता.

तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. पश्चिमेची खिडकी. ओटा. नळ. विहिरीची पावलं! मी कपाळावर हात मारून घेतला, सिमेंटच्या हातानं.

आणि तेवढ्यात सैनबीत्ता आल्या. हातात मूसक्कांसाठीचा डबा, कारण पुतियाप्ळा कामगारांबरोबर कसा जेवणार. त्या जागीच थांबल्या.

"हे काय?"

"आचारी आला नाही," मूसक्का म्हणाले.

"म्हणून तुम्ही? माणसं बघतायत!"

भास्करेट्टनच्या तोंडात घास होता. "इत्ता, आधी खाऊन बघा, मग ओरडा."

त्यांनी उभ्यानंच एक घास घेतला. मग चिऱ्यांच्या ढिगावर बसल्या. मग सगळं संपवलं, बोटंसुद्धा चाटली. मला वाटलं, झालं, सुटलो.

"कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं.

"खोलीवर. आम्ही सहाजण होतो. रोज मीच करायचो."

"रोज?"

"रोज. कामावरून आलो की आधी चूल. दुसरं काही मला एवढं आवडत नाही, सैनबी."

सैनबीत्ता त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "एवढी वर्षं मी बलकाच्या माळा गाळत बसले, आणि तुम्हाला मिरचीतली मासळी हवी होती? सांगायला काय झालं होतं?"

मूसक्का हातातली पळी खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या घरात स्वयंपाकघराचं दार कुठे आहे ते मला माहीत आहे. आत कसं आहे ते मला माहीत नाही."

सैनबीत्ता उठल्या, भरलेला डबा तसाच उचलला आणि रिक्षात बसून निघून गेल्या. मूसक्कांनी उरलेल्या माणसांना वाढलं. मीही जेवले. मला रडू येत होतं आणि कालवण इतकं सुरेख होतं की दोन्ही एकदम चाललं होतं.

१९ मार्च

सैनबीत्तांचा फोन नाही. रोज दोनदा फोन करणारी बाई! मूसक्काही जागेवर आले नाहीत. फसीला म्हणते, घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही, उप्पा खुर्चीत बसून असतात आणि उम्मा डबे घासते, घासलेलेच परत. भास्करेट्टननी विचारलं, काम थांबवू का? मी म्हटलं, अजिबात नाही, छपराला पाणी मारत राहा.

घराचं मला आता काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण तो माणूस पुन्हा त्या खुर्चीतच राहिला तर मी बांधलं काय? मी नवीन नकाशा काढलाय. ऑफिस रद्द. खाली कोठीची भिंत काढून स्वयंपाकघर मोठं, ओटे दोन, एक ठेंगणा आणि एक उंच. पण सैनबीत्ता "पुतियाप्ळा आणि स्वयंपाकघरात?" म्हणून तो माझ्या तोंडावर फेकतील, याची मला खात्री आहे. उम्मालासुद्धा सांगितलं तर ती म्हणाली, "शोभतं का हे?"

उप्पा मात्र बराच वेळ नकाशा बघत होते. म्हणाले, "उंच ओटा चांगला काढलास."

२३ मार्च

लिहिते पटकन, नाहीतर फुटेन.

सकाळी गाडी आली. पुढे सैनबीत्ता, मागे मूसक्का, त्यांच्या मागे फसीला. मी नकाशाची सुरळी छातीशी धरून उभी. सैनबीत्ता सलाम घेतल्याबरोबर म्हणाल्या, "मोळे, ती कोठीची भिंत पाडता येईल का?"

मी नकाशा उलगडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बघितला, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुला सगळं माहीत होतं?"

"स्लॅबच्या दिवशी कळलं."

"मला लग्न झाल्यावर तेहतीस वर्षांनी कळलं," त्या म्हणाल्या. "तू बरीच लवकर आलीस."

"पण लोक काय म्हणतील?" मी मुद्दाम विचारलं.

"म्हणतील की सैनबीनं नवऱ्याला चुलीपुढे बसवलं. म्हणू देत. आजवर पाहुण्याला सांभाळलं, आता जरा नवऱ्याशी गाठ पडू दे." असं म्हणून त्या तरातरा खाली स्वयंपाकघरात गेल्या.

मूसक्का माझ्याजवळ थांबले. खाकरले. "आणि मोळे, ते ऑफिस. नको."

"पण तुम्ही तर उत्तम म्हणाला होतात!"

"म्हणालो होतो. मला नाही आवडलं. कोणी बसायचं तिथं नदी बघत?" मग माझ्या कुंडाकडे बोट. "याच्यात डास होतील. बुजव."

माझं कुंड! इतका राग आला की मी सरळ सांगितलं, कुंडाला हात लावायचा नाही, मासे सोडू, डास होणार नाहीत. तर म्हणाले, "बरं, मग खायचे मासे सोड," आणि खाली गेले. चपला घालून! वाळूचे पाय तसेच घेऊन, थेट आत!

मी टेप आणायला वर आले आणि खालून आवाज सुरू झाले. आधी वाटलं, कामगारांची काही जुंपली. पण कामगार तर हातातली घमेली घेऊन गप्प उभे होते.

"चूल या भिंतीला!"

"या भिंतीला नाही. वारा बघ की जरा! ज्वाळा सगळी तुझ्या तोंडावर येईल."

"एवढी वर्षं काय वाऱ्याला विचारून शिजवलं मी?"

"म्हणूनच कांदा करपतो तुमच्याकडे."

"कोणाचा? कोणाचा कांदा करपतो?"

"तुझा! पहिल्या दिवसापासून करपतोय!"

"मग त्या दिवशी बोलायला तोंडाला काय झालं होतं?"

"तोंडात मुट्टमाला होती!"

मी घाबरले. आत्ता कुठे जमत आलेलं, आणि हे दोघं सगळं मोडून ठेवतात की काय! टेप घेऊन पायऱ्या उतरले, म्हटलं मधे पडते, मापं सांगते, दोघांना पटेल असं काहीतरी काढते. फसीला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं माझी बाही धरून मला मागे ओढलं. ती हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती.

"थांब गं," ती म्हणाली. "उप्पांचा आवाज एवढा मोठा आहे, मला माहीतच नव्हतं. ऐकू दे ना."

मग आम्ही दोघी तिथंच थांबलो. आत मूसक्का कच्च्या भिंतीवर तळवा आपटून सांगत होते, "नाही, सैनबी, नाही म्हणजे नाही! मीठ इथंच राहील!"